काळ्या दोऱ्यावरचं सुदर्शन

कॅप्टन अमेरिका ओळखला जातो तो त्याच्या गोल ढालीवरून. ढाल भिरकावायची, तिनं चार गुंडांची कपाळं शेकायची आणि पुन्हा मालकाच्या हातात यायचं, हा त्याचा ठरलेला खाक्या. पण १९४४ साली अमेरिकेतल्या 'रिपब्लिक' कंपनीनं त्याच्यावर पंधरा भागांची चित्रमालिका काढली, तेव्हा या ढालीला चक्क फाटा दिला. पडद्यावरच्या कॅप्टन अमेरिकाकडे ढाल नव्हतीच, पिस्तूल होतं. कारणं काही असोत, कॉमिकच्या पानावर शाईनं उडणारी वस्तू पडद्यावर उडवायची तर डोकं आणि पैसा दोन्ही लागतं, हे खरं.

मुंबईच्या उपनगरांत त्या काळी पौराणिक चित्रपट काढणाऱ्यांना ही पळवाट नव्हती. कृष्ण दाखवायचा तर सुदर्शन दाखवावंच लागे. शिशुपालाचे शंभर अपराध भरले की चक्र सुटतं, काम करतं आणि बोटावर परत येतं, हे पिटातल्या पोरालाही पाठ होतं. तिथं कृष्णाच्या हाती दुसरं काही दिलं असतं तर थिएटरातल्या खुर्च्या शाबूत राहिल्या नसत्या. गोष्ट आधीच माहीत असलेला प्रेक्षक हा फार कडक मालक असतो. त्याच्या धाकानं अंधेरी, चेंबूर आणि पुढे गोरेगावात एक कसब उभं राहिलं. तिथली माणसं त्याला साध्या भाषेत 'ट्रिक सीन' म्हणत.

फेकलं की काम करून परत येणारं शस्त्र ही कल्पना अमेरिकी कॉमिकवाल्यांनी लोकप्रिय केली, यात वाद नाही. बॅटमॅन मे १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात अवतरला आणि चारच महिन्यांनी, सप्टेंबरच्या ३१व्या अंकात, त्याच्या हाती वटवाघळाच्या आकाराचं फेकशस्त्र आलं, ते बॅटरँग. ती गोष्ट गार्डनर फॉक्सनं लिहिली होती. कॅप्टन अमेरिका १९४१ चा. त्याची पहिली ढाल तिकोनी होती. दुसऱ्या एका प्रकाशकानं ती आपल्या नायकाच्या ढालीसारखी दिसते अशी हरकत घेतली, म्हणून दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली. ती फेकण्याची कल्पना तिसऱ्या अंकातल्या एका छोट्या गद्य कथेत आली आणि ती कथा लिहिणारा पोरगेला लेखक होता स्टॅन ली. थॉरचा हातोडा १९६२ चा. पण तो मुळात उत्तर युरोपच्या पुराणांतला, आणि तिथंही तो परत येतोच.

आपल्याकडचा दाखला याहून कितीतरी जुना. महाभारताच्या आदिपर्वात खांडववन जाळायच्या वेळी अग्नी कृष्णाला चक्र देतो आणि सोबत वापराची माहितीही देतो: शत्रूवर टाकलंस की त्याला मारून हे पुन्हा तुझ्या हाती येईल. अर्जुनाला गांडीव मिळतं तेही त्याच प्रसंगी. म्हणजे परत येण्याची हमी मूळ संहितेतच आहे. कीर्तनकारांनी मागाहून चिकटवलेली नाही.

प्रत्यक्षातली फेकायची शस्त्रं मात्र परत येत नसत. शिखांच्या निहंग पथकांत पगडीवर अडकवलेली पोलादी चक्रं असत आणि ती खरोखर फेकली जात. गरगर फिरत्या कड्याला हवेत स्थैर्य येतं, त्यामुळे नेम चांगला बसतो. पण गेलेलं चक्र गेलं. महाराष्ट्रात जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावरून गोफण फिरायची, तिचा धोंडाही कधी कोणाच्या हाती परतला नाही. बोरिवली पश्चिमेला एक्सर गावात शिलाहारकाळातले वीरगळ उभे आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात तेराव्या शतकात झालेलं हेच ते आरमारी युद्ध, असं बरेच अभ्यासक मानतात. खऱ्या लढाईचं इतकं तपशीलवार शिल्प या परिसरात विरळाच. मेलेले वीर वर कैलासाला पोचलेले दिसतात, परत येणारं शस्त्र काही दिसत नाही. ते मिळायचं देवाच्या गोष्टीत. आणि विसाव्या शतकात, तिकीट काढून, अंधाऱ्या थिएटरात.

या कसबाची सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून. फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करत. स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' असं नावही त्यांनी घेतलं होतं. त्यामुळे कॅमेरा ही त्यांच्या दृष्टीनं नजरबंदीची नवी पेटी होती. १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म'चा जो थोडा भाग आज शिल्लक आहे, त्यात भेदरलेल्या कंसाला आपलंच मुंडकं धडावेगळं होताना दिसतं. ते वर जातं आणि पुन्हा खांद्यावर येऊन बसतं. शंभर वर्षं उलटली तरी तो तुकडा पाहताना माणूस दचकतो. पुढे कोल्हापुरात आणि पुण्यात, बाबूराव पेंटरांकडे आणि 'प्रभात'मध्ये, ही विद्या बरीच पुढे गेली. १९३६ च्या 'संत तुकाराम'मधलं वैकुंठाला निघालेलं विमान अजूनही लोकांच्या लक्षात आहे.

मुंबईत स्टुडिओ आधी दादर-परळच्या बाजूला होते. बोलपट आले आणि शांततेची गरज पडली. गिरणीचा भोंगा आणि ट्रामची घंटा ध्वनिमुद्रणात घुसायला लागली. दुसरीकडे ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली होती. साष्टी बेटावर जागा स्वस्त होती, झाडी भरपूर होती, आणि गाडीनं कामगारांना येता-जाता येत होतं. १९३४ मध्ये मालाडला 'बॉम्बे टॉकीज' उभं राहिलं. विजय भट्ट आणि शंकरभाई भट्ट या बंधूंची 'प्रकाश पिक्चर्स' अंधेरीत स्थिरावली. १९४३ मध्ये गोरेगावला 'फिल्मिस्तान' निघालं. तेव्हा ही गावं मुंबई शहरात मोडतही नव्हती. अंधेरी बृहन्मुंबईत आली १९५० साली, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. सिनेमाच्या कंपन्या महापालिकेच्या आधी उपनगरांत पोचल्या होत्या, म्हणा ना.

'प्रकाश'मध्ये सुरतेहून आलेला एक मुलगा काम करत होता. बाबूभाई मिस्त्री, जन्म १९१८. सुरुवात पोस्टरं रंगवण्यापासून. हॉलिवूडचा 'द इनव्हिजिबल मॅन' १९३३ मध्ये आला होता. त्याच्या धर्तीवर विजय भट्टांनी 'ख्वाब की दुनिया' काढायचं ठरवलं. अदृश्य माणूस दाखवायचा म्हणजे माणूस दिसता कामा नये, पण पेला उचलला जावा, खुर्ची सरकावी, वस्तू हवेत तरंगाव्यात. परदेशी यंत्रसामग्री नव्हती, ती आणायला पैसे नव्हते. बाबूभाईंनी काळा दोरा घेतला, मागं काळा पडदा लावला आणि प्रकाश असा बेतला की दोरा पडद्यात विरून जावा. १९३७ साली चित्रपट लागला आणि एकोणीस वर्षांच्या या पोराला चित्रपटसृष्टीत कायमचं टोपणनाव चिकटलं: 'काला धागा'.

ऐकायला हे सोपं वाटतं. करायला बसलं की घाम फुटतो. दोरा नुसता काळा असून भागत नाही. त्यावर तुकतुकी असेल तर दिव्याचा एक किरण पुरतो. पडद्यावर पांढरी रेघ चमकते आणि देवाचं पितळ उघडं पडतं. त्यामुळे दोऱ्याची चमक मारावी लागते. दिवे समोरून लावायचे नाहीत, बाजूनं लावायचे, आणि मागच्या पडद्यावर उजेड सांडू द्यायचा नाही. दोरा ओढणारा वर माच्यावर बसलेला, त्याचा हात एकसारखा फिरायला हवा. झटका बसला की चक्र लोंबकळताना दिसतं. आणि हे सगळं जमलं की नाही ते त्याच वेळी कळायचं नाही. फिल्म धुऊन यायची, रशेस पाहायचे, तेव्हा निकाल. आज मॉनिटरवर दृश्य लगेच पाहणाऱ्यांना त्या रात्रीच्या जिवाच्या घालमेलीची कल्पना यायची नाही.

चक्र परत येण्याचा भाग तर आणखी कुटाण्याचा. हवेत सोडलेली वस्तू अचूक बोटावर आणून बसवणं दोऱ्यालाही जड. मग उलटा विचार करायचा. चक्र बोटावरून दूर ओढून न्यायचं, तसंच चित्रित करायचं आणि फिल्म उलट्या क्रमानं जोडायची. कॅमेरा उलटा टांगून दृश्य घेतलं आणि तो तुकडा शेवटाकडून सुरुवातीकडे फिरवून जोडला की गेलेलं चक्र परत येतं. पण मग त्या चौकटीत दुसरं काही हलता कामा नये. धूप जळत असेल तर धूर धुपाटण्यात शिरताना दिसेल. नटाची पापणी मिटली तरी वेळ चुकेल. म्हणून परतीचं चक्र बहुतेक वेळा मोकळ्या आभाळावर किंवा देवाच्या नुसत्या हातापाशी दिसतं. पुढच्या वेळी जुना पौराणिक चित्रपट पाहताना लक्ष ठेवा, परत येणाऱ्या चक्राच्या आसपास सारं कसं चिडीचूप असतं.

तिसरी रीत दुहेरी मुद्रणाची. काळ्या मखमलीसमोर चक्र फिरवायचं, ते टिपायचं, मग कॅमेऱ्यातली फिल्म मोजून तितकीच मागं घ्यायची आणि तिच्यावरच नटाचा प्रसंग घ्यायचा. काळा भाग फिल्मवर उमटत नाही, त्यामुळे चक्र तेवढं उजळ आणि काहीसं पारदर्शक होऊन प्रसंगावर बसतं. सेकंदाला चोवीस चौकटी. पाच-दहा चौकटींची मोजणी चुकली की चक्र बोटाऐवजी नाकावर. एवढंही करून तेज कमी पडलं तर किरण आणि ठिणग्या हातानं चितारायच्या, चौकट-चौकट करून. आकाशात दोन बाण समोरासमोर येतात, मध्ये लखलखाट होतो आणि एक विझतो, हा पौराणिक चित्रपटांचा हुकमी प्रसंग याच मेहनतीवर चाले. आजचा प्रेक्षक त्याला हसतो. हसावं, पण अमेरिकेतही १९४८ च्या चित्रमालिकेत सुपरमॅन जमिनीवरून उडाला की त्याचं कार्टून व्हायचं, हे ध्यानात ठेवून हसावं.

'प्रकाश'नं पुढे १९४२ मध्ये 'भरत मिलाप' काढला, मराठीत तो 'भरत भेट' झाला. त्यात भरत होते शाहू मोडक आणि कैकेयी दुर्गा खोटे. शाहू मोडक नगरचे, धर्मानं ख्रिस्ती. १९३२ च्या भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये ते बाल कृष्ण झाले आणि पुढच्या कारकिर्दीत इतक्या वेळा कृष्ण झाले की पडद्यावरचा कृष्ण म्हणजे मोडक, असं समीकरणच झालं. त्यांच्या धर्माची कोणी चौकशी केली नाही. बोटावर चक्र शोभतं की नाही, एवढंच लोक पाहत. १९४३ चा 'रामराज्य' हाही अंधेरीचाच. प्रेम अदीब आणि शोभना समर्थ ही त्यातली रामसीतेची जोडी, आणि लव-कुशांच्या बाणांचं युद्ध हे त्यातलं मोठं आकर्षण. १९४४ साली गांधीजी जुहूला विश्रांतीसाठी राहिले होते, तेव्हा त्यांना हा चित्रपट दाखवला गेला. चित्रपट या प्रकाराबद्दल त्यांना प्रेम नव्हतं, हे सर्वांना ठाऊक आहे.

बाबूभाई एव्हाना होमी वाडियांकडे गेले होते. होमी वाडिया म्हणजे 'हंटरवाली' चित्रपटाचे दिग्दर्शक, १९३५ मध्ये नायिका नादियाच्या हाती चाबूक देणारे. १९४२ च्या 'मुकाबला'मध्ये नादियाची दुहेरी भूमिका होती आणि एकाच चौकटीत दोन नादिया दाखवायचं काम बाबूभाईंचं. पुढे होमी वाडियांनी 'बसंत पिक्चर्स' काढली आणि चेंबूरला बसंत स्टुडिओ उभा राहिला. ट्रिक सीनच्या बाबतीत चेंबूरचा हा स्टुडिओ म्हणजे साऱ्या मुंबईची कार्यशाळा होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. 'श्री गणेश महिमा' (१९५०) मध्ये महिपाल कृष्ण, मीना कुमारी सत्यभामा. 'हातिमताई' १९५६ मध्ये आला. उडते गालिचे, बोलते पुतळे, जादूचे दिवे, सगळं एकाच आवारात तयार होई. १९६१ चा 'संपूर्ण रामायण' बाबूभाईंनी स्वतः दिग्दर्शित केला. संगीत आपल्या वसंत देसाईंचं. १९६५ मध्ये त्यांनी 'महाभारत' केला. अभि भट्टाचार्य कृष्ण, प्रदीप कुमार अर्जुन आणि भीम अर्थात दारासिंग.

गंमत म्हणजे याच सुमारास, १९६० मध्ये, मुंबईत 'सुपरमॅन' नावानं एक सोडून दोन हिंदी चित्रपट निघाले, दोन्हींत नायक जयराज. त्यांची आज फारशी कोणाला आठवण नाही. देशी देवांपुढे विलायती सुपरमॅनचं काही चाललं नाही.

या सगळ्यात समीक्षकांनी मात्र नाक मुरडलं. पौराणिक आणि पोशाखी चित्रपट म्हणजे दुसऱ्या फळीचे, 'बी ग्रेड', ट्रिक सीन म्हणजे पोराटोरांची करमणूक, असा सूर दशकानुदशकं राहिला. मराठी वृत्तपत्रांतल्या परीक्षणांतही अभिनयावर रकाने असत, गाण्यांवर रकाने असत, दोरा ओढणाऱ्यावर ओळ नसे. हा अन्याय होता. राज कपूरच्या स्वप्नदृश्याला कला म्हणायचं आणि बसंत स्टुडिओतल्या उडत्या चक्राला चाळा म्हणायचं, याला रसिकता म्हणत नाहीत.

कॉमिकच्या पानावर सुदर्शन यायला १९६९ उजाडलं. अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली, तिचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा 'कृष्ण', आणि तो रेखाटला राम वाईरकर यांनी. वाईरकर मराठी माणूस; पुढे 'टिंकल'मधला सुप्पंडी घराघरांत पोचला तो त्यांच्याच हातून. त्याआधी १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून वेताळ हा परदेशी नायक मराठीत येऊ लागला होता, कवटीची अंगठी आणि दोन पिस्तुलं घेऊन. एकाच पोराच्या दप्तरात वेताळ आणि कृष्ण शेजारी शेजारी असत. शाळेत दोघांवरही सारखीच बंदी. 'अमर चित्र कथे'चं कार्यालय कालांतरानं अंधेरीला मरोळच्या बाजूला आलं, म्हणजे कागदावरचं सुदर्शनही शेवटी उपनगरवासी झालं.

पण चक्र खऱ्या अर्थानं घरात शिरलं ते गोरेगावातून. १९७७ मध्ये राज्य सरकारनं आरे वसाहतीच्या कुशीत चित्रनगरी उभारली. आज तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत'चे महाल तिथं उभे राहिले. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, एकूण ९४ भाग, दर रविवारी सकाळी. कृष्ण झाले नितीश भारद्वाज, शिक्षणानं जनावरांचे डॉक्टर आणि अस्सल मुंबईकर. कुरुक्षेत्राचं युद्ध राजस्थानात जयपूरच्या बाजूला चित्रित झालं, पण दरबार, द्यूत आणि शिशुपालाचा निकाल हा सगळा मामला चित्रनगरीतला. एव्हाना फिल्मच्या जोडीला व्हिडिओ आला होता. बोटावरचं फिरतं चक्र आता यंत्रावर चितारून बसवता येत होतं. दोऱ्याची गरज कमी झाली; तरी त्या चक्राच्या हालचालीत जुन्या ट्रिक सीनचं वळण स्पष्ट दिसतं. तेच सावकाश निघणं, तोच ठरलेला घुमारा, परत आल्यावर बोटावरचा तोच शांतपणा. त्या दोन वर्षांत जत्रेत आणि स्टेशनाबाहेर पुठ्ठ्याच्या गदा आणि बांबूचे धनुष्यबाण धडाक्यात विकले गेले. चाळीच्या गॅलरीत कुरुक्षेत्र मांडलं जाई, आणि बाण डोळ्याला लागलेली पोरं दवाखान्यात नेण्याची वेळही अनेक घरांवर आली. चक्राचं खेळणं तेवढं फार चाललं नाही, कारण उघड आहे. विकत घेतलेलं चक्र परत येत नव्हतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत 'महाभारत' पुन्हा दाखवलं गेलं. तेव्हा हॉलिवूडचे दहा सुपरहिरो तोंडपाठ असलेली पोरं आजीशेजारी बसून ते पाहत होती. त्यांना चक्राची 'क्वालिटी' खटकली, पण शिशुपालाचा शंभरावा अपराध मोजताना आवाज कोणाचाही चढत होता.

स्टुडिओच्या बाहेरही हे शस्त्र उपनगरांत फिरतच होतं. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर असो, मुलुंडचं कालिदास असो की कुठल्याशा मैदानातली मालवणी जत्रा, 'ट्रिकसीनयुक्त दशावतारी नाटक' असा फलक लागला की सिंधुदुर्गातली मंडळी सहकुटुंब येतात. मूळ दशावतारात बाक सोडलं तर नेपथ्य असं काही नसतं. हार्मोनियम, पखवाज, झांज आणि नटाची वाणी एवढ्या भांडवलावर रात्र जागते. पण मुंबईच्या प्रेक्षकाला धूर, ठिणग्या आणि उडणारी शस्त्रं हवी असतात, म्हणून मंडळं ट्रिक सीन घेऊन येतात. इथं चूक दुरुस्त करायला दुसरा टेक नाही. चक्र अडकलं तर अडकलं. मग कृष्ण झालेला नट तिथल्या तिथं पदरचं वाक्य टाकून वेळ मारून नेतो, आणि त्यालाच टाळी जास्त पडते. भाद्रपदात तर गल्लोगल्ली चक्रं फिरतात. गणपतीच्या हलत्या देखाव्यात लहानशी विजेची मोटर लावून कृष्णाच्या बोटावर थाळी फिरवायची, मागं लोहार चाळीतून आणलेल्या दिव्यांची माळ सोडायची, आणि शिशुपालाचं मुंडकं बिजागरीवर मागं पडेल अशी सोय करायची. दर तीन मिनिटांनी त्याचा वध होतो आणि दर तीन मिनिटांनी तो उठून बसतो.

१९९० नंतर संगणक आला आणि ट्रिक सीनचं नाव व्हीएफएक्स झालं. नमित मल्होत्रा यांनी वडिलांच्या गॅरेजमधून सुरुवात करून १९९७ मध्ये 'प्राइम फोकस' ही कंपनी उभी केली. लंडनच्या 'डबल निगेटिव्ह' या कंपनीनं ख्रिस्तोफर नोलनच्या बॅटमॅनपटांचं आणि २०११ च्या 'कॅप्टन अमेरिका'चं बरंच काम केलं होतं. २०१४ मध्ये ती 'प्राइम फोकस'शी जोडली गेली. बॅटमॅन आणि कॅप्टन अमेरिका यांची दृश्यं घडवणारी कंपनी अशी मुंबईच्या मालकीत आली. १९४४ मध्ये ढालीला जी फिल्मी दुनिया मुकली होती, तिला आता ढाल हातात धरण्याचीही गरज उरली नाही. नट कधी रबराची ढाल घेतो, कधी रिकाम्या हातानं फेकल्याचा आविर्भाव करतो. ढाल मागाहून संगणकावर येते. २०२२ च्या 'ब्रह्मास्त्र'मध्ये याच मंडळींनी देशी अस्त्रं उजळवली.

आज अंधेरी, गोरेगाव, मालाड भागांतल्या काचेच्या इमारतींत हजारो तरुण मुलं-मुली रात्रपाळी करत हे काम करतात. अंधेरी-बोरिवलीच्या स्टेशनांबाहेर 'अ‍ॅनिमेशन-व्हीएफएक्स' शिकवणाऱ्या क्लासेसच्या पाट्या दिसतात, तिथून शिकून निघालेला पोरगा बहुधा पहिल्यांदा ज्या कामाला लागतो त्याचं नाव 'वायर रिमूव्हल'. हवेत उडणारा नायक प्रत्यक्षात तारेला टांगलेला असतो. ती तार एकेका चौकटीतून पुसून काढायची आणि तिच्या जागी मागचं आभाळ, मागची भिंत भरायची. सेकंदाला चौकटी अजूनही चोवीसच. काम किचकट, डोळे फोडणारं, आणि नाव आलंच तर शेवटच्या श्रेयनामावलीत बारीक अक्षरात, प्रेक्षक उठून जिन्यावर पोचलेले असताना. बाबूभाई दोरा दिसू नये म्हणून जागत, ही पोरं दिसलेला दोरा पुसायला जागतात. कष्टाची जात तीच आहे, आणि दुर्लक्षाचीही.

बाबूभाई मिस्त्री डिसेंबर २०१० मध्ये वारले, वयाच्या ब्याण्णव्या वर्षी. दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव पुस्तकांत आहे. पण माच्यावर बसून दोरा धरणारे, मखमलीसमोर चक्र फिरवणारे, चौकटीवर ठिणग्या काढणारे किती जण होते, त्यांची नावं काय, याची यादी कुठल्या ग्रंथात सापडत नाही. अंधेरी पूर्वेला, चेंबूरला, गोरेगावच्या जुन्या वसाहतींत यातले काही म्हातारे किंवा निदान त्यांची मुलं अजून राहत असतील. तुमच्या इमारतीत कोणी जुना लाइटमन, सेटिंगवाला, लॅबमध्ये काम केलेला माणूस असेल तर त्याच्याकडे एखाद्या दुपारी जाऊन बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि चक्र परत कसं आणायचे ते विचारा. घरात जुन्या चित्रीकरणाचे फोटो निघाले तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.